जमिनीवरचा बालो

“माझ्या लोखंडाला घाबरत नाही तुझी पोर,” मा तिदा म्हणाली. “सगळी घाबरतात. हिला दवाखान्यात दाखव.”

मी जुईला नाचणीचं सत्त्व भरवत होते. ओसरीच्या गार सिमेंटवर ती बसली होती, पाय फाकून, सात महिन्यांची. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर मा तिदा उभी होती. डाव्या हातात लोखंडाची पोकळ नळी आणि उजव्या हातात ती वाजवायची सळई. नुकतीच तिनं ती तीनदा वाजवली होती. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या होत्या, माझा चमचा हिंदकळला होता. जुईनं तोंड उघडलं होतं, पण ते पुढच्या घासासाठी.

“शूर आहे माझी,” मी म्हटलं आणि घास दिला.

मा तिदा हसली नाही. एरवी ती कशालाही हसायची. सळई कमरेच्या कापडात खोचून ती जुईसमोर येऊन उकिडवी बसली, तिच्याकडे बघत राहिली. जुईनं तिच्या नाकाकडे हात नेला.

“मी चाळीस वर्षं बारशांत वाजवते, जुईची आई. शूर बाळ असतं. पण शूर बाळही डोळे मिटतं.”

“आमच्याकडे खूप आवाज असतो हो. पोटात असल्यापासून सवय आहे तिला.”

ती उठली. “दाखव,” एवढंच म्हणाली आणि भात बघायला आत गेली.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची, गांबियातल्या ब्रिकामा गावातली. माझा नवरा कौस्तुभ वेंगुर्ल्याचा, काजूच्या धंद्यातला. तिकडचा कच्चा काजू आपल्याकडच्या कारखान्यांना पाठवणाऱ्या एका कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी नेमलं होतं. जुई चार महिन्यांची झाल्यावर मीही गेले. कुयाते घराण्याच्या आवारात आम्हाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. मधे आंब्याचं झाड, चहूबाजूंनी पत्र्याची घरं, आणि आमच्या दाराला लागून सिमेंटची लांब सामाईक ओसरी.

कुयाते म्हणजे मांडिंका लोकांतले जाली. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या वंशावळी पाठ ठेवायच्या, लग्नाबारशांत त्या गाऊन दाखवायच्या, हे त्यांचं काम. आणि त्यांचं वाद्य बालो. इंग्रजीत त्याला बालाफोन म्हणतात. आपल्या काष्ठतरंगाचा थोरला भाऊ म्हणा. तांबड्या कठीण लाकडाच्या एकोणीस पट्ट्या, चामड्याच्या वादीनं चौकटीला बांधलेल्या, आणि प्रत्येक पट्टीखाली एकेक भोपळा टांगलेला. भोपळ्याला बारीक भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा पांढरा पापुद्रा चिकटवतात. त्यामुळे प्रत्येक सुराच्या मागे एक झर्रर्र येते, मधमाशी अडकल्यासारखी. आवारातले म्हातारे पा बुरामा हा बालो वाजवायचे आणि त्यांची बायको मा तिदा गायची, लोखंड वाजवायची. तिकडे थोरल्यांना पा आणि मा म्हणतात. आम्ही तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायचो. उरलेलं हातांनी.

मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेली. मलेरिया, जुलाब, पिवळा ताप, सगळ्याची टिपणं करून गेले होते. पाणी वीस मिनिटं उकळायचं. मच्छरदाणी गादीखाली खोचल्यावर चारी बाजूंनी हात फिरवून बघायची. तो कोळ्याचा पापुद्रा पाहिल्यावर मी आठवडाभर जुईला बालोच्या जवळही जाऊ दिलं नाही. पा बुरामा मला सगळ्यांसमोर चिडवायचे, “जुईच्या आईनं परवा आंबा उकळला. उद्या मला उकळणार.”

“उकळू दे,” मा तिदा आतून ओरडायची. “पन्नास वर्षांत तू एकदा तरी नीट धुतला जाशील.”

अशी मी. आणि मा तिदानं सांगितलेलं मी उडवून लावलं.

म्हणजे करून पाहिलं नाही असं नाही. त्याच दुपारी दार लावून जुईच्या मागे टाळी वाजवली. ती वळली. दुसऱ्या दिवशी स्टीलची ताटली जमिनीवर टाकली. वळली. मग खोलीच्या दारातून हाक मारली, “जुई!” वळली नाही. पुन्हा मारली. पुन्हा. मग मी आत पाऊल टाकलं आणि ती वळली. एका वहीत मी हे लिहीत होते. दहापैकी चार वेळा वळली. त्या चार वेळा मी तारीख घालून लिहिल्या. सहा लिहिल्या नाहीत. त्या वेळी तिचं लक्ष नव्हतं, असं धरलं.

सासूबाईंना फोनवर सहज बोलल्यासारखं विचारलं, “आई, हाकेला लगेच वळत नाही हो कधीकधी.”

“काय गो तू! आमचो कौस्तुभ अडीच वर्सांचो होयसर बोलूक नव्हतो. आता गप ऱ्हवता काय?”

कौस्तुभ काजूच्या हंगामामुळे नदीच्या वरच्या अंगाला, बासे गावाला असायचा. पंधरा दिवसांनी एक दिवस घरी. त्याला मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, “चल, दाखवून येऊ.” तो तसाच आहे, साधा. मला ते वाक्य ऐकायचं नव्हतं.

आणि मग बालोनं मला वाचवलं. निदान मला तसं वाटलं.

मार्चमध्ये एका सकाळी पा बुरामा ओसरीवर बालो मांडून बसले. पट्ट्या तपासत होते. उन्हाळ्यात लाकूड वाळतं, सूर चढतो, मग ते पट्टीची खालची बाजू जरा तासतात, पुन्हा वाजवतात, डोळे मिटून ऐकतात. जुई माझ्या दारात होती, त्यांच्याकडे पाठ करून. पा बुरामांचा हात खालच्या जाड पट्ट्यांवर पडला आणि जुई वळली. नुसती वळली नाही. अख्खं अंग हसलं तिचं. रांगत, घसटत ती बालोपाशी गेली, चौकटीच्या बांबूवर तिनं दोन्ही पंजे ठेवले आणि पा वाजवत राहिले तसं ती गुडघ्यांवर डोलायला लागली. झर्रर्र आली की खिदळायची.

मी तिथंच ओसरीवर बसले.

“बघा,” मी मा तिदाला म्हटलं, “बघा. ऐकतेय.”

मा तिदा शेंगदाणे कुटत होती. तिनं मुसळ थांबवलं, बघितलं, आणि पुन्हा कुटायला लागली. ती बोलली नाही याचा मला राग आला.

त्या दिवसापासून रोज दुपारी मी जुईला बालोपाशी नेऊन बसवायची. पा बुरामा कंटाळले तरी म्हणायची, “थोडं वाजवा ना, पा.” व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवायची. सासूबाईंनी तो वाडीतल्या बारा जणींना दाखवला. माझ्या बहिणीनं लिहिलं, ‘ही संगीतातच जाणार.’ वही मी बंद केली. कोळ्याच्या पापुद्र्याची भीतीसुद्धा विसरले.

मात्र ती पुटपुटायची, बाबाबा करायची, ते एप्रिलच्या सुरुवातीला कमी झालं. मग थांबलं. मी म्हटलं, दात येताहेत.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात फाटकासमोरच्या घरात बारसं होतं. तिकडे आठव्या दिवशी करतात. बाळाचं जावळ काढतात, इमाम बाळाच्या कानात त्याचं नाव सांगतात, आणि मग जाली ते मोठ्यानं सगळ्या जमावाला ऐकवतो. मी सकाळीच जुईला झबलं घालून, तिला कडेवर घेऊन गेले. आपल्याकडेही आत्या कानात कुर्रर्र करते, हे मी त्या बाळंतिणीला हातवारे करून सांगितलं तेव्हा बायका खूप हसल्या.

इमाम वाकले, बाळाच्या कानाशी काहीतरी बोलले, उठले. पा बुरामा त्या दिवशी बालो गळ्यात पट्ट्यानं अडकवून उभे होते. मिरवत वाजवायचं असलं की असा अडकवतात. त्यांनी सूर धरला, आणि मा तिदा बाळाच्या नावाची आरोळी देऊन पुढे आली आणि तिनं लोखंडावर पहिला घाव मारला.

आठ दिवसांचं बाळ. आजीच्या मांडीवर झोपलेलं. त्याचे दोन्ही हात फाटकन बाजूला गेले, बोटं ताठ, आणि ते टाहो फोडून रडलं. सगळे हसले. शुभ मानतात ते.

मी जुईकडे पाहिलं. ती माझ्या मंगळसूत्राचा मणी चोखत होती. पा बुरामा तिच्या पाठीशी चार हातांवर वाजवत होते, तेच ते, रोजचं, ज्यावर ती डोलायची. मा तिदाचं लोखंड एवढं कर्कश की माझेच कान बधिर झाले होते.

“जुई,” मी म्हटलं. “जुई, बघ ना, पा आलेत. बालो, बघ.”

ती मणी चोखत राहिली.

मी तिला त्यांच्याकडे तोंड करून धरलं. तेव्हा तिनं पाहिलं, बालो ओळखला, हसली, हात पुढे केले. मी पुन्हा पाठमोरी केली. हसू गेलं. गर्दीत असं मी तीन-चारदा केलं असेन. पा बुरामांचे हात वाजवत होते आणि डोळे माझ्यावर होते.

कुणाचा निरोप न घेता मी घरी आले. ओसरीवर जुईला बसवलं, तिच्यासमोर शेंगांची टरफलं टाकली, दार लावून घ्यावं म्हणून वळले, तर आवाराच्या फाटकातून पा बुरामा येत होते. गळ्यात बालो तसाच. अर्ध्या बारशातून जाली उठून येत नाही. मागून मा तिदा. तिनं लोखंड तिकडेच ठेवलं होतं.

“जेवण अजून व्हायचंय तुमचं,” मी म्हटलं. “भात निवेल.”

“निवू दे.”

“झोप आली होती तिला, पा. गर्दीत घाबरली.”

“जुईची आई,” पा म्हणाले, “तिचा पंजा रोज कुठे असतो?”

मी जुईपुढची टरफलं गोळा करायला लागले.

“माझ्या चौकटीवर असतो. आणि बूड सिमेंटवर असतं. मी हे वाद्य पाच वर्षांचा असल्यापासून वाजवतो. हे लाकूड कानात किती जातं आणि जमिनीतून हाडात किती, मला माहीत आहे. मला वाटलं, तिदानं सांगितलंय, तू दाखवलं असशील.”

“दाखवलं ना,” मी म्हटलं. “डॉक्टर म्हणाले, व्यवस्थित आहे.”

एवढं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. मा तिदानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या भाषेत ती काहीतरी बोलली. ते नाही म्हणाले. ती पुन्हा बोलली, या वेळी आवाज चढवून. मग पा बुरामांनी गळ्यातला पट्टा काढला.

कुयात्यांच्या बालोला बाहेरचा माणूस हात लावत नाही. पुसायलासुद्धा नाही. कौस्तुभनं पहिल्या महिन्यात गमतीनं एक पट्टी टकटकवली होती, तेव्हा आवारातली सगळी माणसं गप्प झाली होती आणि त्याला माफी मागावी लागली होती. तो बालो पा बुरामांनी माझ्या गळ्यात अडकवला. वजनानं मी पुढे वाकले. मग त्यांनी रबर गुंडाळलेल्या दोन्ही काठ्या माझ्या हातात दिल्या.

“मी वाजवलं तर तू म्हणशील म्हातारा हळू वाजवतो,” ते म्हणाले. “तू वाजव.”

“मला येत नाही.”

“कुणाला हवंय यायला? मार.”

मा तिदानं माझ्या चपला काढून ठेवल्या, स्वतःच्याही, आणि ओसरीवर एक जाड गोधडी घडी करून टाकली. मी त्यावर उभी राहिले. जुई माझ्याकडे पाठ करून टरफलं चिवडत होती. ऊन डोक्यावर होतं, सावली माझ्याच पायाखाली.

मी एक पट्टी वाजवली. जुईनं एक टरफल उचललं.

मी दुसरी वाजवली. मग खालची जाड, जिच्यावर ती डोलायची. झर्रर्र झाली. जुईनं ते टरफल खाली ठेवलं आणि दुसरं घेतलं.

“जोरात,” मा तिदा म्हणाली.

मी जोरात मारलं. मग दोन्ही काठ्यांनी मारलं. मग मी काय मारत होते मला कळेना, एकोणीसच्या एकोणीस पट्ट्यांवर मी वेड्यासारखी मारत होते, समोरच्या बारशातली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली, मी ओरडत होते, “जुई! जुई गं! ए जुई!” आणि माझी मुलगी माझ्यापासून चार पावलांवर, पाठमोरी, शांतपणे टरफलं एकावर एक ठेवत होती. तिच्या मानेवर घामाचा एक थेंब होता. तो खाली ओघळेपर्यंत मी मारत होते.

मग वजनानं माझा तोल गेला. मी खाली आले, गोधडीच्या पुढे, आणि बालोची चौकट सिमेंटवर टेकली. हातातल्या काठ्या अजून पट्ट्यांवर पडतच होत्या.

जुई वळली.

अख्खं अंग हसलं तिचं. टरफलं सोडून ती भराभर रांगत आली, बांबूवर दोन्ही पंजे ठेवले आणि माझ्या तोंडाकडे बघून डोलायला लागली. मी रडत होते, आणि ती मला आणखी वाजव म्हणून पंजे आपटत होती.

“वाजव,” मा तिदा माझ्या कानाशी म्हणाली. ती माझ्या मागे येऊन बसली होती, मला तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. “आता थांबू नको. तिला वाटेल तिचं काही चुकलं.”

मी वाजवलं. किती वेळ, माहीत नाही. शेवटी पा बुरामांनी माझ्या हातांतून काठ्या घेतल्या आणि त्यांनी वाजवलं, माझ्या गळ्यात अडकवलेला बालो, समोरून, उलट्या बाजूनं. समोरच्या घरातून कुणीतरी आमचा भात झाकून आणून दिला.

कौस्तुभला फोन लागत नव्हता. पा बुरामांच्या भाच्याची बासेला जाणारी गाडी होती, तिच्यातून निरोप गेला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, धुळीनं माखलेला. मी सांगितलं आणि तो म्हणाला, “चल, दाखवून येऊ.”

तीन आठवड्यांनी आम्ही पुण्यात होतो. बेरा नावाच्या श्रवणचाचणीसाठी जुईला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा लावल्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काही नाही. जन्मापासूनच, डॉक्टर म्हणाले. चौदाव्या महिन्यात तिला पहिलं इम्प्लांट बसलं. मग रोजच्या थेरपीची वर्षं. आता ती चौथीत आहे, बोलते, अतिच बोलते, ‘र’ अजून जरा गिळते. माझ्याशी भांडण झालं की कानामागचं यंत्र काढून टेबलावर ठेवते आणि मला हाताची घडी घालून दाखवते.

पहिल्या दिवशी थेरपीच्या बाईंनी एक फॉर्म दिला होता. त्यात एक प्रश्न होता, ‘पालकांना पहिल्यांदा शंका कधी आली?’ कौस्तुभ शेजारी बसला होता, जुई त्याच्या मांडीवर. मी लिहिलं, एप्रिल.

मा तिदानं सांगितलं होतं फेब्रुवारीत. बाईंनी तो फॉर्म वाचला आणि म्हणाल्या, “बरं झालं लगेच आलात. या वयात एकेक आठवडा मोलाचा असतो.” कौस्तुभनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी तसाच राहू दिला. फेब्रुवारीचं त्याला आता इथं वाचून कळेल.

तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, पाच-सहा-आठ महिन्यांच्या बाळाची आई. चांगली शिकलेली, सगळं उकळून घेणारी. तुम्ही काही विचारलं नसताना ती सांगत असेल, आमचं बाळ अगदी व्यवस्थित आहे. तिच्याकडे आज जा. फोन करू नका, फोनवर ती छान बोलेल. जा, तिच्यासमोर बसा आणि विचारा, तुला कशाची भीती वाटतेय? ती काही नाही म्हणाली तरी लगेच उठू नका.